तुडतुडे आणि नीलपर्वत

गणपती उरकले की आमच्या बोरीवलीच्या घरात ट्यूबलाइटभोवती बारीक किड्यांची गर्दी सुरू होते. नॅशनल पार्क जवळ असल्याचा हा बोनस. त्यातला जो बोट लावताच टुणकन उडतो, त्याला आई सरसकट 'तुडतुडा' म्हणते. मराठीला तेवढं पुरेसं वाटतं. भातावरचा तुडतुडा, आंब्यावरचा तुडतुडा, कापसावरचा तुडतुडा. उडी मारली की झाला तुडतुडा!

पण गंमत म्हणजे आंब्याच्या मोहोरावरचा आणि भातावरचा तपकिरी तुडतुडा ही दोन वेगळी घराणी आहेत. ओळखायची खूण सोपी आहे, फक्त भिंग हवं. भातावरच्याच्या मिशा डोळ्यांच्या खाली, गालावर असतात, आंब्यावरच्याच्या डोळ्यांच्या मधे, पुढच्या बाजूला. शिवाय भातावरच्याच्या मागच्या पायाला, पोटरीच्या टोकाशी, एक हलणारा मोठा काटा असतो. डेल्फॅसिडी या कुळाची ती जणू नाममुद्राच. त्याच्याही खाली, पावलाच्या पहिल्या पेरावर आणखी एकदोन इवलेसे काटे दिसले, की समजायचं हा 'नीलपर्वत'.

हो, खरंच! वंशाचं शास्त्रीय नाव 'निलापर्वता'. डिस्टंट नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं ते 1906 साली ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत दिलं. आयुष्याचा बराच काळ कातडी कमावण्याच्या धंद्यात नोकरी केलेला हा माणूस, आणि किड्याला नाव असं की जणू मेघदूतातलं ठिकाण. भातावरची जात मात्र त्याआधीची, स्टॉल या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1854 मध्ये जावा बेटावरून नोंदवलेली. तिचं नाव 'लुजेन्स', म्हणजे शोक करणारा. प्रत्यक्षात शोक करायची पाळी शेतकऱ्यावर येते. जपानमध्ये 1732 साली पडलेल्या मोठ्या दुष्काळाचं खापर अशाच भाततुडतुड्यांवर फोडलं जातं.

याच वंशात निलापर्वता बाकेरी आणि निलापर्वता मुइरी अशा जाती आहेत. दिसायला जवळजवळ तशाच, पण त्या भाताला सोडून बांधावरच्या गवतावर जगतात. फरक काढायचा तर पायांचे काटे मोजावे लागतात आणि नराची जननेंद्रियं तपासावी लागतात. त्याहून अवघड गोष्ट फिलिपाइन्समधली. तिथे खुद्द लुजेन्सच्या दोन टोळ्या सापडल्या, एक भातावरची आणि एक गवतावरची. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. पण हे किडे जोडीदाराला बोलावताना पोट थरथरवून रोपाच्या काडीतून कंपनं पाठवतात, आणि त्या हाकांची लय दोघांत वेगळी निघाली. म्हणजे आपल्याला पटत नसलेली ओळख त्यांची त्यांना पटते!

आता तुम्ही म्हणाल, असले काटे मोजून मिळतं काय? मलाही कोणी विचारलं असतं तर सुचलं नसतं. पण मागच्या वर्षी सप्टेंबरात राजापूरहून काकांचा फोन आला.

"अरे, भातावर तुडतुडे पडलेत. आंब्याच्या फवारणीचं औषध उरलंय, दुकानदार म्हणतो तेच मार. तुडतुड्याचंच आहे ना?"

मी त्यांना बाटलीवरचं नाव वाचायला लावलं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड निघालं. आंब्यावर ते चालतं, भातावर मात्र उलटतं. भाताच्या बुंध्याशी फिरणारे कोळी आणि तुडतुड्यांची अंडी शोषणारे मिरिड ढेकूण त्यानं आधी मरतात, आणि राखणदार संपले की तुडतुडे पूर्वीपेक्षा जोमानं वाढतात. "काका, ते मारू नका. आधी खाचरातलं पाणी काढा, युरिया थांबवा आणि कृषी सहाय्यकाला बोलवा," एवढंच मी सांगू शकलो.

काका जरा फुरंगटले. "मुंबईत बसून शेती शिकवतोस होय?" पण पाणी काढलं. कृषी सहाय्यक आले, त्यांनी चूड फाकवून बुंध्याशी पाहिलं आणि भाताचं वेगळं औषध मुळाशी मारायला सांगितलं. तोवर तीनचार ठिकाणी भात गोल गोल करपून गेलंच होतं. उरलेलं हाती आलं.

वर्गीकरण म्हणजे संग्रहालयातल्या टाचण्या आणि लॅटिन नावं, असं आपल्याला वाटतं. पण एका शब्दाखाली दोन किडे कोंबले की एका बाटलीत दोघांचं औषध आहे असं वाटू लागतं, आणि त्याची किंमत कोणाच्या तरी खाचरात मोजली जाते. बांधावरच्या गवतातला निरुपद्रवी भाऊबंदही मग विनाकारण मरतो.

काका आता आंब्यावरच्याला 'मोहोराचा' आणि भातावरच्याला 'बुडाचा' म्हणतात. डिस्टंटसाहेबांइतकं काव्यमय नाही, पण काम भागतं.