तारण

आमच्या वरवंडला ‘तारण’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो सोसायटीच्या कर्जापायी. उसासाठी कर्ज काढायचं, तारण म्हणून जमीन लिहून द्यायची, आणि हप्ते थकले की ती जाईल ह्या धास्तीत झोपायचं. तोच शब्द चौफुल्यावरून केडगावकडे वळलं की एकदम निराळा होतो. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. मराठी ख्रिस्ती माणूस ‘माझं तारण झालं’ म्हणतो, तेव्हा त्याला पापातून सुटका म्हणायची असते. (मधल्या चौफुल्यावर लावणीची कलाकेंद्रं आहेत, म्हणजे सुटकेचे प्रकार बरेच! असो.)

गंमत म्हणजे सोसायटीतली धास्ती तिथेही सुटत नाही. एकदा झालेलं तारण पुन्हा जाऊ शकतं का?

ह्यावर ख्रिस्ती मंडळी चारशे वर्षं भांडताहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की त्याची मेंढरं त्याच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय मात्र, एकदा चव घेऊन मागे फिरलेल्यांबद्दल असं काही सांगतो की वाचणाऱ्याला घाम फुटावा. आपल्याकडे श्रीवैष्णवांत हाच वाद मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ह्या नावांनी चालला. माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, हात सुटला की पडतं. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. कॅल्व्हिनचे लोक मांजरवाले, आर्मिनियसचे माकडवाले. आर्मिनियस १६०९ साली वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली. त्यातलं पाचवं कलम नेमकं ह्या प्रश्नाचं. तिथे त्यांनी लिहिलं की हे शास्त्रातून आणखी तपासून पाहिलं पाहिजे! मला हे फार आवडलं. डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) मात्र मांजराच्या बाजूने निकाल देऊन टाकला.

मग जे सोडून जातात त्यांचं काय? मांजरवाल्यांचं उत्तर तयार असतं: त्यांचं तारण कधी झालंच नव्हतं. आम्ही प्रोग्रॅमर लोक असल्या उत्तराला जरा बिचकतो. सिस्टिम बंद पडल्यावरच ‘ती मुळात चालूच नव्हती’ असं सांगणारी टेस्ट काय कामाची? आज, चालू असताना, मला कसं कळणार?

आणि इथे रमाबाई आठवतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. पण लगेच मान तुकवतील त्या रमाबाई कसल्या? त्रैक्याच्या सिद्धांतावर, कुमारीच्या पोटी जन्मावर, चर्चच्या अधिकारावर त्या तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून भांडत राहिल्या. ब्राह्मण पुरोहितांचं जू नुकतंच मानेवरून काढलंय, आता दुसरं घेणार नाही, असा एकूण सूर. देवाने दिलेली विवेकबुद्धी त्या कुणाच्याही हवाली करायला तयार नव्हत्या. पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात त्याच बाई म्हणतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. तो सापडायला आणखी आठेक वर्षं जावी लागली.

म्हणजे बघा. १८८६ साली रमाबाई सोडून गेल्या असत्या, तर मांजरवाले म्हणाले असते, तारण झालंच नव्हतं. त्या राहिल्या, आणि तेव्हा झालं नव्हतं असं त्या स्वतःच सांगतात! मग त्या मधल्या वर्षांत त्यांना धरून ठेवलं ते कुणी? मला तरी तिथे त्यांचा स्वतःचा हट्ट दिसतो. श्रद्धावान म्हणेल, तो हट्टही वरूनच आला. ह्याच्यापुढे माझी गाडी जात नाही.

पण माकडाच्या बाजूनेही सगळं सरळ नाही. शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथे धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडं असे, आणि मुली येऊन बसत. बसा म्हणायच्या नाहीत, आणि दारही लावायच्या नाहीत. १८९३ साली ह्यावरून गहजब झाला. रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. त्या मुलींना कुणी विचारलं होतं का, ना येताना ना जाताना?

१८९६-९७ च्या दुष्काळात तर निवडीचा प्रश्नच उरला नाही. रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका वाचवून आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. रस्त्यावर पडलेल्या पोरीला उचलताना तिची संमती कोण विचारणार? तिथे मांजर व्हावंच लागतं. पुढे तीच पोर चांगली जेवून-खाऊन, अक्षर शिकून, एका संध्याकाळी प्रार्थनेला उभी राहते. आता तिचा ‘हो’ किती तिचा आणि किती भाकरीचा? त्या काळच्या हिंदू पुढाऱ्यांना वाटलं सगळा भाकरीचा. मला तसं वाटत नाही. भाकरीचा ‘हो’ पोट भरलं की सैल पडतो, आणि ह्यातल्या कितीतरी जणी आयुष्यभर तिथेच छापखान्यात, शाळेत, शेतात राबल्या. पण तिला ‘नाही’ म्हणून बाहेर पडायचं असतं, तर १९०० साली केडगाव स्टेशनवरून ती कुठल्या गाडीत बसणार होती?