क्षणभराचे मौन

मॉर्टन फेल्डमन यांचा जन्म १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. वडिलांचा लहान मुलांचे कोट तयार करण्याचा व्यवसाय होता. चाळिशी उलटेपर्यंत फेल्डमन घरच्या धंद्यात काम करीत राहिले आणि उरलेला वेळ त्यांनी संगीतरचनेला दिला.

१९५० साली त्यांचा संगीतकार जॉन केज यांच्याशी परिचय झाला. केज यांच्यामुळे फिलिप गस्टन, मार्क रॉथ्को अशा चित्रकारांचा सहवास लाभला. या मंडळींच्या चित्रांत ना माणूस ओळखू येई, ना झाड, ना घर. रंग आणि त्याच्या शेजारचा रंग, एवढेच तेथे असे. ‘हे कशाचे चित्र आहे?’ असा प्रश्न फेल्डमन यांना पडला नाही. आलाप ऐकताना तो कशाचा आहे, असे आपल्याकडेही कोणी विचारीत नाही. स्वर स्वतःच पुरेसा असतो. मग रंग का नसावा?

या दर्शनाने त्यांचे संगीत पालटले. काही रचना त्यांनी चौकटींच्या कागदावर मांडल्या. स्वर हलके झाले, ताल विरला, दोन स्वरांमधील शांततेलाही मोल आले. रॉथ्को यांची चौदा गडद चित्रे असलेले ह्यूस्टनचे प्रार्थनामंदिर १९७१ साली खुले झाले. ते पाहण्यास स्वतः रॉथ्को हयात नव्हते. त्या वास्तूसाठी फेल्डमन यांनी व्हायोला, गायकवृंद आणि तालवाद्ये यांची एक संथ रचना केली.

गस्टन हे मात्र त्यांचे जिवलग मित्र. १९७० साली गस्टन यांनी अमूर्त शैली सोडली आणि बुरखाधारी माणसे, जोडे, सिगारेटी रंगविल्या. प्रदर्शनात त्यांनी मित्राला मत विचारले. फेल्डमन क्षणभर गप्प राहिले. तेवढ्याने मैत्री तुटली. ज्यांनी संगीतात शांततेला मान दिला, त्यांना एक शांतता फार महाग पडली. विषयाविना चित्रावर प्रेम करण्यास ते शिकले होते. त्या प्रेमाचा आग्रह केव्हा झाला, हे त्यांना उमगले नाही.

गस्टन यांच्याही मनातून मित्र गेला नव्हता. १९७८ साली त्यांनी फेल्डमन यांचे चित्र काढले. त्यात तोंड फिरविलेले आहे, कान मात्र मोठा आहे. १९८० साली गस्टन वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार फेल्डमन यांनी यहुदी परंपरेतील मृत्युप्रसंगीची प्रार्थना म्हटली.

१९८४ साली फेल्डमन यांनी गस्टन यांच्या नावाने बासरी, पियानो आणि तालवाद्ये यांसाठी एक रचना पूर्ण केली. ती चार तासांहून अधिक चालते. प्रदर्शनात जे उत्तर क्षणभरात सुचले नाही, त्यासाठी चौदा वर्षांनी त्यांनी इतका वेळ दिला.