ओढ्यापलीकडची आत्या आणि बाबांची जीप

बेळगावहून जांबोटीकडे निघालं की पिरनवाडी मागे पडल्यावर हवा बदलते, हे आपल्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असतं. जांबोटीपुढे कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, आणि तिथून चोर्ल्यामार्गे गोवा. पण मला आज सांगायचंय ते या डांबरी रस्त्यापासून आत जंगलात शिरणाऱ्या एका गाडीवाटेबद्दल. तिच्या टोकाला माझी आत्या राहते. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात अशी गावं बरीच आहेत, वाचकांपैकी अनेकांची माहेरं, आजोळं तिकडं आहेत. ज्यानं त्यानं आपलं गाव समजून घ्यावं.

गावाच्या अलीकडे एक ओढा आहे. मार्चमध्ये त्यात पाय भिजवायलाही पाणी नसतं, जुलैत तो नदी होतो. गावकरी वरच्या अंगाला लाकडाचा साकव घालतात, त्यावरून माणूस जातो, गाडी नाही. खानापूर-हेमाडगा रस्त्यावर हलात्रीचा पूलसुद्धा पाण्याखाली जातो, तिथं आमच्या ओढ्याची काय कथा!

बाबांची जीप महिंद्राची, एमएम ५४०, १९८९ सालची. प्यूजोचं डिझेल इंजिन, चारही चाकांना ताकद देणारा फोर बाय फोरचा दांडा आणि दारांच्या जागी ताडपत्री. बाबांनी त्या जीपमधून भात आणलं, काजू आणले, वऱ्हाडं नेली; पण पावसाळ्यात ओढ्यात ती कधीही घातली नाही. अलीकडच्या काठावर लावायचे आणि साकवावरून चालत बहिणीकडे जायचे. त्यांच्या मागे जीप माझ्याकडे आली, त्यांची सवय मात्र आली नाही.

ऑगस्ट २०१९. सगळ्या बेळगाव जिल्ह्याला त्या पुराची आठवण आहे. सकाळी आतेभावाचा फोन आला, आत्याचं तोंड वाकडं झालंय, डाव्या हाताला काही धरता येत नाही. मी जीप काढली. ओढ्यावर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, पाणी मांडीभर असावं. पलीकडे माणसं जमलेली. मी फोर बाय फोर टाकलं आणि वेगात घुसलो. वेगात गेलं की पार होतो, हा आपल्याकडचा सर्रास समज आहे. मध्यावर पुढची लाट बॉनेटवरून काचेवर आली, 'ठक्' असा एकच आवाज झाला आणि इंजिन थांबलं. मी पुन्हा सेल्फ मारला. ते तर आणखी वाईट.

मग पलीकडच्यांनी आत्याला लाकडी खुर्चीत बसवलं, खुर्चीला दोन बांबू बांधले आणि मी पाण्यात अडकून बसलेलो असताना माझ्या जीपच्या शेजारून तिला चालत पार नेलं. अलीकडे दूध गोळा करणारा टेम्पो यायला तास लागला. आत्या वाचली. डावा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. तो तास मिळाला असता तर काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना अजूनही विचारलेलं नाही.

जीप ओढून उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या गॅरेजात आणली. मिस्त्री गोकाककडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आम्ही निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये बोलतो. त्यांनी इंजिन उघडलं, एक कनेक्टिंग रॉड काढून माझ्या हातात दिला. बोटाएवढा जाड पोलादी दांडा चक्क वाकला होता. "नीर कुडदैती री सर," अण्णा म्हणाले. पाणी प्यायलंय. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा एवढीशी असते की दोन-चार चमचे पाणीही पुरतं. पिस्टनला पुढे जाता येत नाही, मागून बाकीचं इंजिन ढकलतच असतं, मग रॉड वाकतो.

२०२० च्या टाळेबंदीत कॉलेज बंद होतं, तास मोबाईलवर चालायचे. सवलत मिळाली की मी गॅरेजात जाऊन बसू लागलो. माझी समजूत होती, मोठी चाकं लावायची, जीप उंच करायची, जास्त ताकदीचं इंजिन घालायचं. अण्णांनी तिन्हीला नकार दिला. उंच केली की उतारावर कलंडायची भीती आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. रुंद टायर चिखलावर नुसते तरंगतात. आपल्या जीपचे मूळचे अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट मातीपर्यंत जातात. शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ च्या निकालात तेच बजावलं. म्हणून जे करायचं ते आरटीओत आधी विचारून, असं ठरलं. माझ्या जीपला दर पाच वर्षांनी फेरनोंदणीसाठी उभं राहावं लागतं. तिथं वाद नको.

अण्णांचं म्हणणं असं, की गाडीला ताकद पुष्कळ आहे, तिला श्वास घ्यायची जागा तेवढी बदलूया. बॉनेटखालचा हवा घेणारा तोंडवळा एका पाइपानं काचेच्या कडेनं टपापर्यंत वर नेला. याला स्नॉर्केल म्हणतात. दिसायला सोपं, पण खरं काम सांध्यांचं. एखादा रबरी सांधा जरी सैल राहिला तर पाइप वर असून उपयोग नाही, पाणी खालूनच आत जातं. अण्णांची परीक्षा साधी होती: इंजिन चालू ठेवून वरच्या तोंडावर फळी दाबायची. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. आमचं पहिल्या खेपेला पडलं नाही, मजेत चालत राहिलं. म्हणजे कुठून तरी हवा शिरत होती. दोन दिवस शोधल्यावर फिल्टरच्या डब्याखाली केसाएवढी भेग सापडली.

दुसरं काम माझ्या कधी डोक्यातच आलं नसतं. गरम भाताच्या डब्याला घट्ट झाकण लावून ठेवलं की थोड्या वेळानं ते निघत नाही, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. डिफरन्शियलचंही तसंच. चालून चालून हौसिंग तापतं, थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ऑईल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून दोन्ही हौसिंगना आणि गिअरबॉक्सला बारीक नळ्या जोडून त्या इंजिनाच्या मागच्या पत्र्यापर्यंत उंच नेल्या. आता आत ओढली जाते ती हवाच. बाकी किरकोळ: वायरींचे सांधे ग्रीस भरून बांधले, बॅटरी घट्ट केली, पुढे-मागे ओढायचे हूक चेसीला पक्के केले.

जून २०२१ मध्ये पहिल्या पावसानंतर त्याच ओढ्यावर गेलो. अण्णा बरोबर. आधी पँट गुडघ्यावर दुमडून काठीनं तळ चाचपत दोनदा चालत पलीकडे जाऊन आलो. खड्डा कुठं, गोटे कुठं, सगळं पाहिलं. रेडिएटरपुढं जुनी ताडपत्री बांधली, फॅनबेल्ट सैल केला, नाहीतर पंखा पाणी उडवतो आणि पाती वाकून रेडिएटरला लागतात. मग लो गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं. पुढे एक छोटी लाट तयार होते आणि बॉनेटखाली पाणी थोडं खाली राहतं; त्या लाटेच्या मागं मागं जायचं, मध्ये क्लच दाबायचा नाही, थांबायचं नाही. तीस-पस्तीस फुटांचं अंतर, पण माझा शर्ट घामानं भिजला. पलीकडे चढल्यावर ब्रेक दाबला तर लागेचना. ड्रममध्ये पाणी. थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवलं, मग ते सुकले. दुसऱ्या दिवशी सगळीकडचं ऑईल तपासलं. पाणी शिरलं असतं तर ते ताकासारखं पांढरट दिसतं. दिसलं नाही.

जाता जाता एक सांगतो. हल्ली रविवारी चोर्ल्याच्या बाजूला नव्या कोऱ्या गाड्या घेऊन मुलं येतात आणि मजेसाठी झऱ्यांत घालून पाणी उडवतात. खाली कुणीतरी तेच पाणी भरत असतं. शिवाय भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आमची वाट गावाची आहे, पूर्वापार. तिच्यावरून मी जातो तेही निकडीशिवाय पाण्यात न उतरता.

जुलै २०२३. आत्याची महिन्याची औषधं पोचवायची होती. तिला बेळगावात ठेवून घ्यायचा प्रयत्न आम्ही दोनदा केला, दोन्ही वेळा आठवड्यात परत गेली. बायको बरोबर होती, ती धारवाडची. ओढ्यावर आलो तर आतेभावानं एका मोठ्या दगडावर रंगानं मारलेली खूण बुडालेली. पाणी तांबडं, वेग मोठा, मधून एक ओंडका गेला. स्नॉर्केल पाण्याच्या कितीतरी वर होतं, इंजिनाला काही झालं नसतं. पण पाणी खालून उचलायला लागलं की जीपचं वजन चाकांवरून कमी होतं, आणि मग फोर बाय फोर असो नसो, धार नेईल तिकडं जायचं. हे मला अण्णांनी शिकवलं होतं. तरीही माझा हात दांड्यावर गेला. मला पुन्हा ती खुर्ची दिसत होती.

"ब्याड्री," बायको म्हणाली.

पलीकडे आतेभाऊ दोन्ही हात हलवून नको नको करत होता. मी जीप मागे घेऊन उंचवट्यावर लावली. औषधं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून आम्ही वरच्या अंगाला निघालो. साकवापर्यंत दीड-दोन किलोमीटर चिखल, जळवा, बायकोची एक चप्पल गेली. पाणी साकवाच्या खालीच होतं, पण तरी त्यानं आम्हाला चढू दिलं नाही. दोर टाकला आणि पिशवी ओढून घेतली.

संध्याकाळी घरी पोचल्यावर आत्याचा फोन. औषधं मिळाली, पण गोळ्यांचा एक रंग बदललाय तो का, म्हणून विचारलं. मग म्हणाली, "बाळा, जीप भिजली नाही ना रे?"