हत्तीची येरझार

बुद्धिबळात हत्ती-प्याद्याविरुद्ध नुसत्या हत्तीने बरोबरी राखायचा फिलिडोरचा बचाव आमच्या क्लबात सगळ्यांना येतो. १७७७ पासून तो छापील आहे; दहा वर्षांची पोरंही घडाघडा सांगतात. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत ठेवा. समोरच्याचं प्यादं पुढे सरकलं की हत्ती दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहा. पण प्यादं सरकलंच नाही तर?

माझा जुना प्रतिस्पर्धी ते सरकवतच नाही. राजा एक घर इकडे, हत्ती दोन घरं तिकडे. मीही तिसऱ्या ओळीत येरझारा घालतो: ए-सहा, बी-सहा, पुन्हा ए-सहा. हात शिवशिवतो. एखादा शह देऊन टाकावा, राजाला जरा बाहेर काढावं. तोडीस तोड खेळाडूंमधला डाव बहुतेकदा या खुमखुमीपायी जातो, आणि त्याला ते पक्कं ठाऊक आहे.

शेवटी घड्याळात उरतात ती दर चालीची वाढीव ३० सेकंदं. त्यात चाल करायची, बटण दाबायचं आणि चाल लिहायचीही; त्यातून सुटका नाही. हल्ली बोटं थरथरतात आणि माझ्या बी-सहाचा सहासष्ट होतो. मारामारी किंवा प्याद्याची चाल न होता पन्नास चाली गेल्या, या नियमावर बरोबरी मागायची तर पुरावा हाच कागद. पंच तो उजेडात धरून विचारतात, "काका, हे काय लिहिलंय?" अशा ७५ चाली झाल्या की ते स्वतःच डाव थांबवतात म्हणा, पण तिथवर दम कुणाला आहे?

मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळणारी पोरं अशा वेळी जांभया देतात. इंजिन शून्य दाखवतंय, मग उठा की, म्हणतात. ते शून्य टिकवायला काय किंमत पडते, हे इंजिन दाखवत नाही.

मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, दोन हजारांखालच्या सगळ्यांची रेटिंगं सरसकट वाढवली. माझी शंभरावर गुणांची चढण घरात कौतुकाची झाली. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या प्रतिस्पर्ध्याचीही तेवढीच वाढली, हे तर मुळीच नाही.

बरोबरी झाली की फलकावर दोघांपुढे सारखाच अर्धा गुण लागतो. माझा मी कमावलेला, त्याचा त्याने घालवलेला, असं मी चहाच्या टपरीवर सांगतो. पलीकडच्या टपरीवर तो नेमकं उलटं सांगत असणार.