एका रात्रीची माती

काल लातूरला ताईकडे होते. भाच्याने पलंगाखालून प्लास्टिकचा टब ओढला. आत तळहाताएवढं चांदणी कासव, खाली बोटभर वाळू. “घराला चांगलं असतं, मावशी.” मेथीच्या ओल्या पानाबरोबर वाळूचे कण त्याच्या तोंडात जात होते. हीच वाळू आतड्यात साचते आणि जीव घेऊ शकते.

टब रिकामा केला. कुंडीतली खत न घातलेली माती चाळून चार बोटं पसरली, एका कोपऱ्यात सुकं गवत. नुसती आपली काळी माती नको, ओली झाली की चिखल, वाळली की ढेकळं. भुसकट ओलाव्याने बुरशी धरतं. गुळगुळीत फरशीवर तर पाय फाकतात बिचाऱ्याचे. मातीवर ठेवताच ते पुढच्या पायांनी उकरू लागलं. किती वेळ बघत राहिले!

पण ही सोय रात्रीपुरतीच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीनंतर हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरात ठेवायचंच नाही. त्याचं घर माळावरच्या काटेरी झुडपांत. भाचा रडला. सकाळी वनविभागाच्या कार्यालयापर्यंत टब मात्र त्यानेच मांडीवर धरला. मला नांदेडच्या गाडीत बसवून द्यायला आला, तेव्हाही त्याच्या नखांत माती होती.