रुमालाखालचा हात

येशू ख्रिस्ताला माणसांची पारख नव्हती, असे आमच्या शाळेतले एक मास्तर हसत हसत म्हणत. स्वतः ते माळकरी. पण वाचन अफाट, आणि नवा करार त्यांनी ज्ञानेश्वरीच्या शेजारी एकाच फळीवर ठेवलेला. "बारा गडी निवडले, आणि कसले? चार मासे मारणारे. एक जकात वसूल करणारा. एक संशयी. आणि एकाने तर चांदीच्या तीस नाण्यांना धन्यालाच विकले. आपल्या बाजारातला हेडी बैल निवडताना याहून जास्त डोळस असतो!" वर्ग हसे. वर्गात ख्रिस्ती वस्तीतली दोन मुले होती, तीही हसत. कारण मास्तरांचा स्वर टिंगलीचा नसे. ते पुढे म्हणत, "आता यात मौज काय आहे, ते तुम्ही मोठे झालात की शोधा."

मी मोठा झालो, आता म्हाताराही झालो, आणि ती मौज अजून शोधतोच आहे. शुभवर्तमाने लिहिणारांनी एक गोष्ट विलक्षण केली आहे. त्यांनी आपल्याच माणसांची उणी झाकली नाहीत. पेत्र छातीठोकपणे सांगतो की, मरेन पण तुला सोडणार नाही. आणि कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा सांगतो की, मी त्या माणसाला ओळखत नाही. याकोब आणि योहान हे भाऊ गुरूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा आधीच मागून ठेवतात. आपल्याकडच्या एखाद्या मंडळाच्या वार्षिक अहवालात अध्यक्षांना झालेली सर्दीसुद्धा नमूद होत नाही. इथे धर्माच्या मूळ पुरुषांची भित्री, हावरी, भांडखोर वागणूक जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. वाचणाऱ्याला वाटते, ही माणसे आपल्या ओळखीची आहेत.

माझ्या तर खरोखरच ओळखीचा असा एक माणूस होता.

आमचे घोडेगाव नगरहून औरंगाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. (आता नगरचे अहिल्यानगर झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, जुन्या जिभेला जरा वेळ लागतो.) जवळच शनीचे शिंगणापूर, जिथे घरांना दारे नाहीत. रस्त्याने पुढे वडाळा बहिरोबा, जिथे अमेरिकन मराठी मिशनने फार पूर्वीपासून ठाणे केलेले. आणखी पुढे नेवासे, जिथे शके 1212 मध्ये खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. इतका पुण्यवान शेजार असून आमचे गाव प्रसिद्ध कशासाठी, तर जनावरांच्या बाजारासाठी!

तो बाजार ज्याने पाहिला नाही त्याला मी काय सांगू! धूळ, शेणाचा वास, घुंगरे, आणि हजार माणसे एकाच वेळी बोलत असताना मध्येच दोन माणसे अगदी गप्प उभी. त्यांचे हात रुमालाखाली. एकाने दुसऱ्याची बोटे धरायची, चेपायची, सोडायची. त्या बोटांतून शेकडे आणि दहे ठरत. बाजूला उभ्या असलेल्या बैलाच्या मालकालासुद्धा कळू नये की, दलालाने गिऱ्हाइकाकडून काय घेतले आणि आपल्या पदरात काय टाकले. चेहरे मात्र असे की, जणू दोघे कुणाच्या तरी दहाव्याला आले आहेत.

मी सांगतो आहे तो माणूस या विद्येत पारंगत होता. आम्ही मुले त्याला मामा म्हणत असू. तो जातीने कोण, हे मुद्दामच सांगत नाही. पुढे गावाने सर्वांत आधी तेच विचारले होते. बैलाचे ओठ वर करून आदत, दुसा की चौसा हे तो एका क्षणात सांगे, आणि गिऱ्हाईक भोळे असेल तर चुकीचे सांगे. म्हैस दोन वेळा न पिळता कास तुंबवून बाजारात आणायची, शिंगे तासून तेल चोपडायचे, हे सारे त्याच्या हातचे खेळ. संध्याकाळी कमाईचा बराच भाग दारूच्या गुत्त्यात जाई. उरलेल्यातून त्याची बायको चूल पेटवी.

1960 च्या उन्हाळ्यात त्याने आमच्या अण्णांना साडेतीनशे रुपयांना एक बैल मिळवून दिला. रंग पांढरा शुभ्र, वशिंड भरदार. मृगाचा पाऊस पडला, अण्णांनी पाभर जुंपली, आणि जू मानेवर येताच तो बैल मटकन खाली बसला. मारले, चुचकारले, शेपटी पिरगाळली. बैल बसला तो बसलाच. ती त्याची खोड होती, आणि मामाला ती ठाऊक होती. दुसरा बैल मिळेपर्यंत जमिनीतली ओल उडाली. बाजरी जेमतेम कणसावर आली. सावकाराचे व्याज सुरू झाले, आणि त्या साली माझ्या थोरल्या भावाला सातवीतून काढून नगरच्या एका दुकानात पुड्या बांधायला ठेवले. दादा वर्गात पहिला येत असे.

पाच वर्षांनी मामा बदलला.

कसा बदलला, याची गावात तीन-चार कथानके झाली. त्याने स्वतः सांगितलेली तेवढी देतो. एका रात्री बाजाराहून परतताना ख्रिस्ती वस्तीत कीर्तन चालले होते. आमच्या जिल्ह्यात हे नवल नाही. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच टाळमृदंगाच्या साथीवर ख्रिस्ती कीर्तने उभी केली होती. मामा झिंगलेला होता. गॅसबत्तीचा उजेड दिसला म्हणून भिंतीला टेकून बसला. आख्यान होते जक्कयाचे. यरीहो गावचा मुख्य जकातदार; श्रीमंत, बुटका, आणि लोकांना लुबाडणारा. ख्रिस्त गावातून जातो आहे, गर्दीत दिसत नाही, म्हणून हा उंबराच्या झाडावर चढतो. मराठी बायबलात ते झाड उंबरच आहे. दत्ताचे झाड म्हणून ज्याला आपण प्रदक्षिणा घालतो त्याच झाडावर हा लबाड बसलेला. ख्रिस्त खाली थांबतो, नाव घेऊन हाक मारतो, आणि म्हणतो, लवकर उतर, आज मला तुझ्याच घरी उतरायचे आहे.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची कथा आहे. वाल्याला आधी बायकामुले विचारतात की, तुझ्या पापात आमचा वाटा नाही. मग तो अंगावर वारूळ चढेपर्यंत बसतो आणि वाल्मीकी होतो. ती मोठी कथा आहे. पण जक्कयाला तप करायला सांगितलेच नाही. पैसे परत कर, असेही ख्रिस्त म्हणाला नाही. तो फक्त पाहुणा म्हणून आला. आणि त्या माणसाने आपण होऊन जाहीर केले की, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याचे चौपट परत. मामा मला पुढे म्हणाला होता, "मला शिव्या घालणारे लई भेटले रे. तुझ्या घरी येतो म्हणणारा कोण नव्हता."

दुसऱ्या आठवड्यात बाजारात त्याने सौदा केला तो रुमालाशिवाय! उघडी बोटे, उघडा भाव. गिऱ्हाइके बिथरली. विकणाऱ्यालाही गुप्त भाव हवा असतो, घेणाऱ्यालाही. सरळ दलाल दोघांनाही अडचणीचा. सहा महिन्यांत त्याचा धंदा निम्म्याहून कमी झाला. त्यात त्याने जुनी देणी फेडायला काढली. कुणाकुणाला फसवले ते त्याच्या चांगलेच ध्यानात होते. दारू सुटली, पण तोंड सुटले नाही. शिवी दिल्यावर तो जीभ चावी आणि मग जीभ चावल्याबद्दल आणखी एक देई.

या साऱ्याची किंमत कोणी मोजली? आमच्या आईने हा प्रश्न विचारला होता. मामाची बायको आईजवळ येऊन रडे. "दारू पीत व्हता तवा निदान पीठ येत व्हतं गं. आता हा देवमाणूस झाला आन् माझी पोरं उपाशी." धर्मांतराच्या, हृदयपरिवर्तनाच्या कथा सांगताना आपण नेहमी त्या झाडावरून उतरणाऱ्याकडे पाहतो. तो ज्या घरात शिरतो, तिथल्या बाईकडे पाहत नाही.

म्हणूनच मला नारायण वामन टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. टिळक म्हणजे फुलामुलांचे कवी, संस्कृतचे पंडित. आणि संसारात तितकेच बेभरवशाचे. तापट, आज इथे तर उद्या तिथे, हातातला पैसा वाटेतल्या कुणाला तरी देऊन येणारे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना धरून ठेवले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती होऊनही त्यांनी तुकोबा सोडले नाहीत; तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत आणि ख्रिस्ताला मराठी अभंगांतून आळवीत.

हे झाले त्यांचे. पण लक्ष्मीबाईंवर काय कोसळले! पदरी लहान मूल, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि आश्रय नातेवाइकांचा. चार-पाच वर्षे दोघे दुरावलेली. मग त्या नवऱ्याकडे नगर भागात राहायला आल्या, त्या आपले सोवळे घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एवढ्या तापट माणसाने ती केली नाही, हेच मला त्यांच्यातल्या बदलाचे खरे प्रमाण वाटते. आणि बाई आपल्या पायांनी चालत तिथवर आल्या. जात देवाने केली नाही, माणसाने केली, हे त्यांचे त्यांना एकदा पटले तेव्हा त्यांनी शिवाशिव टाकली, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला वाट सापडली ती पुस्तकातून, बायकोला ती सापडली पाण्याच्या घागरीशी. पुढे दोघांचे भांडण संपले असे मात्र समजू नका. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त बाईंनी नवऱ्याचा राग, विसराळूपणा आणि आपलाही हट्ट अशा काही मिस्कीलपणे सांगितला आहे की, शुभवर्तमान लिहिणारांचीच आठवण व्हावी. टिळक 1919 मध्ये वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. नवऱ्याने शिकवली तेवढ्याच अक्षरांच्या बळावर या बाईने त्यातला बहुतेक भाग रचला.

मामाची बायको काही कवयित्री नव्हती. दीड-दोन वर्षे तिने कपाळ बडवले, मग गवताचे भारे विकू लागली, आणि एक दिवस ती नवऱ्याबरोबर प्रार्थनेला गेली. आईने विचारले तेव्हा म्हणाली, "आता मारत न्हाई. पाच वर्सं वाट बघितली असती तरी दारूड्यानं मारायचं सोडलं नसतं. ज्यानं सोडायला लावलं त्याला बघून तरी येते."

मामा एकदा घसरला. मुलीचे लग्न तोंडावर आले, हातात दमडी नाही. त्याने एका परगावच्या माणसाला तुंबवलेल्या कासेची म्हैस विकली. रात्री जेवण गेले नाही. पहाटे उठून तो चार कोस चालत त्या गावी गेला, पैसे परत केले, म्हैस दाव्याला धरून घरी आणली. लग्न सहा महिने पुढे गेले. आमचे मास्तर हे ऐकून म्हणाले, "पेत्र रडला होता, याने म्हैस चालवली." पेत्राची गोष्टही रडण्यावर थांबत नाही. सरोवराच्या काठी, निखाऱ्यांवर मासे भाजलेले असताना, ख्रिस्ताने त्याला तीनदा विचारले की, तुझे माझ्यावर प्रेम आहे ना? जितके नकार तितके प्रश्न. नकारांचा उल्लेख मात्र एकदाही नाही. लगेच काम सांगितले, की माझी मेंढरे सांभाळ.

आमच्या ओसरीवर मामा पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात शंभर रुपये होते. म्हणाला, "अण्णा, हा पहिला हप्ता." अण्णा कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे घेतो. माझे आहेत. पण माझ्या पोराची शाळा कुठून आणशील?"

मामाजवळ उत्तर नव्हते. तो पायऱ्या उतरून गेला. त्या वर्षी मृगाच्या पहिल्या पावसानंतर तांबडे फुटायच्या आत तो आपली बैलजोडी घेऊन आमच्या रानात हजर झाला, न विचारता पेरणी करून निघून गेला. पुढच्या वर्षीही तेच. अण्णा बांधावर उभे राहत, बोलत नसत. तिसऱ्या वर्षी त्यांनी आईला सांगितले की, रानात दोन माणसांची भाकरी पाठव.

दादाचे मन मात्र वळले नाही. तो नगरच्या दुकानात नोकर होता तो पुढे स्वतःचे दुकान काढण्याइतका झाला, पण बोलताना 'सातवी' हा शब्द टाळी. दिवाळीला तो घरी येई. एका पाडव्याला मामा ओसरीवर अण्णांशी बोलत बसला होता. दादा बसमधून उतरून पिशव्या घेऊन अंगणात आला. मामा उठून उभा राहिला. दादा त्याच्याकडे न पाहता आत गेला, आणि स्वयंपाकघरातून त्याच्या पिशव्या आपटल्याचा आवाज आला. मामा तसाच उभा होता. अण्णांनी त्याचे मनगट धरून त्याला खाली बसवले, आणि आई फराळाची ताटे घेऊन बाहेर आली.