नवगावचा किनारा आणि आकाशवाणीची धून

अलिबागला जाणारी मंडळी ओहोटी साधून कुलाबा किल्ला बघतात, समुद्रावर भेळ खातात आणि पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन परततात. अर्धा दिवस हाताशी असेल तर थळजवळच्या नवगावलाही जाऊन यावं.

आपले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएली, यांचे पूर्वज इथेच किनाऱ्याला लागले, असं ते पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावात मूठमाती मिळाली. तिथे स्मारक आहे. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. किहीमकर, चेऊलकर, नवगावकर ही आडनावं त्यांचीच. कीर्तनंसुद्धा ते मराठीत करीत.

याच समुद्रावरून १९३४ साली आणखी एक ज्यू मुंबईला उतरला. वॉल्टर कॉफमन, पियानोवादक आणि संगीतकार. जन्म १९०७ चा, कार्ल्सबादचा. शिक्षण बर्लिन आणि प्रागमध्ये. हिटलरमुळे युरोपात ज्यूंना थारा उरला नव्हता. आपल्या गाण्याच्या तबकड्या त्यानं पहिल्यांदा ऐकल्या, तेव्हा त्याला काहीच उमगेना. पण इतक्या माणसांना जे गोड लागतं त्यात काहीतरी असणारच, असं म्हणून तो पुन्हापुन्हा ऐकत राहिला. मुंबईत त्यानं पाश्चात्त्य संगीताच्या मैफली सुरू केल्या, चित्रपटांना संगीत दिलं, १९३७ पासून आकाशवाणीत नोकरी केली. तंबोऱ्यावर व्हायोलिनचे सूर आळवणारी आकाशवाणीची ती ओळखीची धून त्याचीच मानली जाते. व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगतात. चहाचं आधण आणि मुलांचे डबे यांच्या गडबडीत ती कितीतरी घरांत वाजली!

१९४६ साली कॉफमन भारतातून गेला. पुढे कॅनडात वाद्यवृंद चालवला, अमेरिकेत शिकवलं आणि १९६८ साली उत्तर भारतातल्या रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. १९८४ साली तो वारला. इकडे १९४८ नंतर बेने इस्राएलींची बहुतेक घरंही इस्रायलला गेली.

परक्या घरात येऊन तिथलं बोलणं, तिथली चव आपलीशी करणं आपल्याला काही नवं नाही. म्हणूनच अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग बाहेरून तरी पाहावं. जाताना ही माणसं आपल्या गावांची नावं आडनावात घेऊन गेली, आणि कॉफमन आपली धून इथे ठेवून गेला.